चालू आवृत्ती

चहाच्या खोलीतल्या टेबलावर तीन पुस्तकं, सात फासे, चार पेन्सिली, एक खोडरबर आणि चार कप होते. पुस्तकं एकाच खेळाची होती: पहिली आवृत्ती अठ्ठेचाळीस पानांची, तिसरी तीनशे वीस, पाचवी तीनशे चौऱ्याऐंशी. चिमटीने सकाळीच तिन्ही काट्यावर ठेवून पाहिली होती, पण त्या आकड्यांचा पुढे काही उपयोग झाला नाही.

चिमटी हे नाव तिला कामावरून पडलं. ती कामाला होती त्या प्रयोगशाळेत लोकांचे वजनकाटे तपासून देत, आणि छोटी प्रमाण वजनं चिमट्याने उचलायचं काम तिचं. बोट लागलं तरी वजन वाढतं, असं ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनवायची.

खेळ साधा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमेल की फसेल असा प्रश्न आला की फासा टाकायचा. कॉलेजात तिला चार भिडू होते. एक लग्न करून गेली, दोघे नोकरीमागे गेले, चौथ्याला जुळी झाली, म्हणजे तोही गेल्यातच जमा. तेव्हापासून चिमटी एकटीच खेळत होती. राक्षसही तीच, त्याला मारणारीही तीच. राक्षस काय करणार हे आधीच ठाऊक असल्यावर त्यात काय राम राहणार? शेवटी तिने धीर करून साहेबांच्या कानावर घातलं.

"एक शुक्रवार देतो, काम सुटल्यावर," साहेब म्हणाले. "जमलं तर पुढचं बघू. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. नव्या भिडूंना पहिली आवृत्तीच बरी, हे चिमटीने मनाशी ठरवलं होतं. पुस्तक बारीक, नियम मोजके, शिवाय मामाने वाढदिवसाला दिलेलं. पण निवड पुराव्याने व्हावी म्हणून तिने तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी मांडली, आणि तिथेच घोटाळा झाला.

"यातली चालू आवृत्ती कुठली?" साहेबांनी विचारलं.

"पाचवी. पण नव्या माणसांना पहिली सोपी—"

ठप्प!

प्रयोगशाळेचा नियमच होता. कसल्याही नियमावलीची नवी आवृत्ती आली की जुनी चुकून वापरली जाऊ नये म्हणून तिच्यावर शिक्का मारायचा. तो शिक्का काकूंच्या ताब्यात. काकू कागदपत्रं सांभाळत, आणि शिक्का पर्समध्ये घेऊन फिरत. चिमटी उठेपर्यंत तिसरी आवृत्ती 'कालबाह्य, वापरू नये' झाली होती. पुढचा ठप्प मामाच्या सहीवर बसला.

"काकू! अहो, ते मामाचं आहे!"

"मामाचं असो नाहीतर मामंजींचं. टेबलावर दोन आवृत्त्या राहिल्या की घोळ होतो."

मग काय, पाचवी उघडली. तिच्यात खेळायच्या आधी आपला माणूस घडवावा लागे: त्याचं कूळ, धंदा, पूर्वायुष्य, सहा गुण, अठरा कौशल्यं. पैलवान पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवून बसला. वीस-वीस किलोची वजनं ढकलगाडीवर चढवणारा म्हणून तो पैलवान, अंगाने काडी.

"'शक्ती: पंधरा'," साहेबांनी वाचलं. "पंधरा काय?"

"नुसते पंधरा, साहेब."

"एकक?"

"एकक नसतं."

"मग याला आकडा कशाला म्हणायचं? नक्षी म्हणा."

चहाची दुसरी फेरी झाली तरी गोष्टीतलं एकही माणूस घराबाहेर पडलं नव्हतं. पैलवानाने डबा पिशवीत टाकला. साहेबांनी जांभई दिली, तीही लपवून, म्हणजे प्रकरण गंभीर.

"काकू," चिमटी एकदम म्हणाली, "कालबाह्य पुस्तकं फेकून देतात का हो?"

"छे! संदर्भाला लागतात की."

"संदर्भासाठी उघडली तर चालतं?"

"शिक्का असेल तर बेलाशक."

"शिक्का तर आहे."

काकूंनी पुस्तकाकडे पाहिलं. साहेबांनी काकूंकडे पाहिलं. "तुम्हीच मारलात," ते म्हणाले.

त्यानंतर पाचवी आवृत्ती चालू म्हणून टेबलाच्या मधोमध मानाने मिटून राहिली, आणि खेळ पहिलीच्या संदर्भावर सुरू झाला. चहा निवायच्या आत माणसं तयार झाली. साहेब सरदार, पैलवान जादूगार आणि काकू चोर.

"काकू, तुम्ही? चोर?" पैलवान म्हणाला.

"इतकी वर्षं प्रामाणिक राहिले रे. कंटाळा येतो."

चिमटीने गोष्ट सुरू केली. नदी, लाकडी पूल, पुलावर राक्षस: जो पाऊल ठेवील त्याला खाईन म्हणणारा. आता तलवारी निघणार, असा तिचा अंदाज.

"पूल किती वजन पेलतो?" साहेबांनी विचारलं.

चिमटीने पहिली चाळली, तिसरी चाळली, पाचवीसुद्धा उघडली. कुठेच नव्हतं. "पाटी आहे," ती म्हणाली, आणि पुस्तक मिटून टाकलं. "दोनशे किलो."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "काय हो राक्षसभाऊ, तुमच्या वजनाचा दाखला दाखवा."

"कसला दाखला?" चिमटीने घोगरा आवाज काढला.

"म्हणजे बिनदाखल्याचे उभे आहात पुलावर? एवढे मोठे झालात, कुणी काही शिकवलं नाही?"

राक्षसाशी बोललं तर दोन फासे टाकून त्याचा कल बघावा, असं पहिल्या आवृत्तीत होतं. काकूंना बारापैकी अकरा पडले. राक्षस ओशाळला. "आजवर कुणी विचारलंच नाही हो," चिमटीच्या तोंडून निघालं, आणि हा आता पुढे काय करील याचा तिला स्वतःलाच पत्ता लागेना.

पुढची सगळी संध्याकाळ राक्षसाला मोजण्यात गेली. झाड पाडलं, ओंडक्याला मधोमध दगडाचा टेकू दिला. एका टोकाला राक्षस, दुसऱ्या टोकाला तिघे.

"आपली वजनं खरी धरायची की खेळातली?" पैलवानाने विचारलं.

"खरी," साहेब म्हणाले. "तेवढीच तपासून मिळतील."

मग तिघे चिमटीला घेऊन शेजारच्या दालनातल्या मोठ्या काट्यावर जाऊन आले. काकूंनी आकड्यावर पर्स धरली आणि आपलं वजन फक्त चिमटीच्या कानात सांगितलं. परत येऊन बसतात तोच काकूंच्या लक्षात आलं.

"थांब गं, बेरीज बोलू नकोस! हे दोघे वजाबाकी करतील. आमच्या टोकाला पिठाचं पोतं ठेव एक. त्याचं वजन तुझ्यापाशीच राहू दे."

पोतं ठेवलं. ओंडका डुलला, डुलला आणि आडवा थांबला. पैलवानाने टाळी वाजवली.

"थांबा," साहेब म्हणाले. "एका वाचनाला वाचन म्हणत नाहीत. तीन लागतात, वेगवेगळ्या दिवशी."

"म्हणजे पुढचा शुक्रवार?" चिमटीने विचारलं.

"आणि त्याच्या पुढचा. राक्षसाला सांगून ठेव, मधल्या दिवसांत अरबट-चरबट खायचं नाही."

"माणसंसुद्धा?" पैलवानाने विचारलं.

"माणसं तर मुळीच नाहीत."

चिमटीने पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं: राक्षस, पहिलं वाचन, दोनशे चौदा किलो, अधिक-उणे दोन.