तू दचकतेस

"दचकलीस!" एल्डन मागून म्हणाला.

नोरीनने पिस्तूल वाळूच्या पिशवीवर ठेवलं आणि कानांतले बोळे काढले. "नाही दचकले."

"अगं, मी बघत होतो ना! चाप ओढायच्या आधीच डोळे मिटलेस."

"तू माझ्या पाठीमागे उभा आहेस, एल्डन. माझे डोळे तुला दिसले कुठून?"

एल्डनने दुर्बिणीतून शंभर यार्डांवरचा कागद पाहिला आणि फक्त नवऱ्यांनाच जमतो असा एक उसासा सोडला. पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पाच दिशांना गेल्या होत्या. अशा नेमाने हरणावर गोळी झाडणं म्हणजे पाप. जखमी जनावर टेकड्यांमधून रक्त सांडत फिरणार, आणि आपण त्याच्या मागे.

नोरीनने सव्वीस वर्षं अमेरिकेतल्या मोन्टानाच्या एका कोपऱ्यात टपाल वाटलं होतं. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी, खिडकीतून बाहेर काढलेला उजवा हात आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पेट्या, बर्फ असो की धूळ. निवृत्त होईपर्यंत खांदा पार झिजला. गेल्या वर्षी त्यात धातूचा सांधा बसवला आणि डॉक्टरने बजावलं, "रायफलचा दस्ता या खांद्याला पुन्हा लावायचा नाही. कधीच नाही." बाराव्या वर्षापासून तिची हरणाची शिकार एकदाही चुकली नव्हती. घरी येऊन तिने भांडी फार आपटली.

मग गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या डेल्बर्टने तोड सुचवली. शिकारीचं पिस्तूल घ्यायचं. एका वेळी एकच गोळी, हातभर लांब नळी, वर दुर्बीण. दोन्ही हातांत धरायचं, म्हणजे खांद्याला धक्का नाही. नळीत काडतूस बसतं ते घर त्याने स्वतः, तिला झेपेल अशा सौम्य काडतुसाच्या मापाने कापून दिलं. आणि तेव्हापासून दोन गोळ्या कधी एका जागी लागल्या नाहीत.

दुर्बीण बदलून झाली. तिचे स्क्रू पुन्हा आवळून झाले. नळी घासूनपुसून आरशासारखी केली. एल्डनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बंदुकीची दारू तोलून वेगवेगळ्या गोळ्यांची काडतुसं भरली, आणि महिनाभर जेवणाची ताटं मांडीवर आली. डेल्बर्टने नळीचं पुढचं तोंड नव्याने घासून दिलं. प्रत्येक उपाय फसला की शेवट ठरलेला: नोरीन, तू दचकतेस. पशुखाद्याच्या दुकानातला पोऱ्या तेच म्हणाला. चर्चबाहेर पास्टरनीही खांद्यावर हात ठेवून तेच सुचवलं, आणि तोही दुखऱ्या खांद्यावर.

सगळ्यात वाईट म्हणजे तिलाही ते पटायला लागलं होतं. घरी कुणी नसलं की ती रिकामं पिस्तूल भिंतीवरच्या खिळ्यावर रोखून चाप ओढायची. दुर्बिणीतली फुली तसूभरही हलायची नाही. तरी वाटायचं, आता हे शरीर आपलं राहिलं नसेल, आपल्याला फसवत असेल.

"पुढच्या वेळी श्वास सोडून बघ," एल्डन म्हणाला. "मन शांत..."

"उठ," नोरीन म्हणाली.

"काय?"

"बस इथे. तू मार."

"मी कशाला? पिस्तूल तुझं..."

"बस म्हणते ना!"

एल्डन बसला. त्याने पाच गोळ्या झाडल्या. त्याचा कागद तिच्या कागदापेक्षा वाईट निघाला.

"मला याची सवय नाही," तो पुटपुटला.

नोरीनने दोन्ही कागद काढले आणि एल्डनला घेऊन गाडी सरळ डेल्बर्टच्या दुकानाशी नेली.

"नव्या सांध्याने माणूस जरा बिचकतंच गं," डेल्बर्टने सुरुवात केली.

तिने दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले. "हा माझा. हा एल्डनचा. आता सांग, दचकणं नवऱ्याला बायकोकडून लागतं का?"

डेल्बर्ट हसला, पण तिचा चेहरा पाहून थांबला.

"काडतुसाचं घर तपासलंस?" तिने विचारलं.

"मीच तर कापलंय."

"म्हणून तर विचारतेय."

तो कुरकुरत उठला. त्याने एक मऊ धातू वितळवून नळीच्या मागच्या टोकात ओतला, निवू दिला आणि ठोकून बाहेर काढला. घराचा हुबेहूब ठसा. दिव्याखाली तो ठसा बोटांत फिरवता फिरवता त्याचं कुरकुरणं बंद पडलं.

"बघ," तो शेवटी म्हणाला. "घर संपून नळी सुरू होते ना, तिथे एका बाजूने खोल कापलं गेलंय, दुसरी बाजू जवळजवळ कोरीच. गोळी आत शिरतानाच तिरकी शिरते. कापताना हत्यार सरकलं असणार. चूक माझी आहे, नोरीन."

एल्डन भिंतीवरचे स्क्रूड्रायव्हर मन लावून पाहत होता.

"याच्याहून मोठ्या काडतुसाचं घर कापलं तर खराब भाग निघून जाईल," डेल्बर्ट म्हणाला. "शनिवारी देतो, हंगामाचे शेवटचे दोन दिवस मिळतील. पण धक्का दुप्पट बसेल. नाहीतर नवी नळी, माझ्या खर्चाने. ती वसंतात मिळेल."

"मोठंच कर," एल्डन घाईने म्हणाला. "वर्ष फुकट जायला नको."

"मोठं केलंस तर मी खरंच दचकेन," नोरीन म्हणाली. "नवी नळी कर. मी थांबते."

रविवारी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, ती एल्डनबरोबर रिकाम्या हाताने टेकड्यांत गेली. हरीण तिनेच शोधलं. ओढ्यापलीकडे, पिवळ्या गवतात, मोठ्या शिंगांचा नर मान वर करून उभा होता. एल्डनने रायफल काठीवर टेकवली. नोरीन त्याच्या बाजूलाच बसली होती. तिला त्याची पापणी घट्ट मिटलेली दिसली, खांदा पुढे झटकलेला दिसला, आणि मग आवाज झाला. गोळीने पलीकडच्या उतारावर माती उडवली. हरीण दोन उड्यांत पार झालं.

रायफल उघडत, तिच्याकडे न बघता एल्डन म्हणाला, "वारा होता."

ओढ्यापलीकडे गवताचं एक पातंही हलत नव्हतं.

"हो," नोरीन म्हणाली, "होता थोडा."