गाळलेले प्रसंग

सासऱ्यांची नजर पार अधू झाली होती. पडद्यावरचा उजेड आणि हलत्या सावल्या तेवढ्या कळायच्या. पण कानांनी ते सिनेमा असा काही बघत, की इमारतीतली माणसं व्हिडिओ लायब्ररीत जाण्याआधी त्यांना जिन्यातच गाठत. "काका, हा आणू का?" मग निकाल मिळे. आधी काय जमलंय ते, मग काय फसलंय ते. कुणालाही सरसकट झोडपायचं नाही, हा त्यांचा नेम.

अलीकडे मात्र तक्रार एकच. "पहिला भाग झकास. पुढे गोष्ट नुसती उड्या मारते. अशा माणसाच्या हाती कात्री दिली कुणी?"

कात्री सुनेच्या हाती होती.

सासूबाई गेल्यावर घरात लावलेल्या पहिल्याच सिनेमात नायकाची आई दवाखान्यात मरण पावली. सासरे उठले, भिंत चाचपत खोलीत गेले, आणि पुढे कितीतरी दिवस ताटातलं चिवडून उठत राहिले. तेव्हापासून सून प्रत्येक डीव्हीडी दुपारी एकटी बघून ठेवी. संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून लावताना तसला प्रसंग आला, की रिमोटचं बटण दाबून पुढे जाई.

"आवाज का तुटला गं?"

"सीन बदलला, बाबा."

लोकांना आवडणाऱ्या सिनेमांत मध्यंतरानंतर कुणी ना कुणी मरतंच. तिच्या अंगठ्याला सवय होऊन गेली. सकाळी हात जोडून उभी राहिली की मात्र हे हटकून आठवे, आणि मग प्रार्थना घाईने उरकली जाई.

एका रविवारी शेजारचे चष्मेवाले गप्पा मारायला आले. कालच्या सिनेमाबद्दल बोलताना सासरे रंगात आले होते. "शेवट गोड आहे. पण मधेच आई गायब! तिचं पुढे काय झालं, ते सांगायलाच विसरले लेकाचे."

"गायब कसली? मरते ती! चांगली पाव तास मरते. आमची ही रडून रडून बेजार झाली."

"छे. मरत नाही."

"अरे, माझ्या दुकानात डोळे तपासतात. डोकं तपासायला दुसरीकडे जा!"

चष्मेवाले स्वतःच्या विनोदावर खो खो हसले. सासरे हसले नाहीत. "सूनबाई, तू होतीस ना शेजारी? मेली का ती?"

तिच्या हातात चहाचे कप होते. दारात नवरा उभा होता. परक्या माणसासमोर खरं सांगणं तिला जमेना.

"मी... तेव्हा आत गेले होते बहुतेक."

एवढं एक वाक्य. नवऱ्याने ते ऐकलं आणि मनाशी ठरवलं, बाबांना विसर पडू लागलाय. बाबांनी गॅसला हात लावायचा नाही. एकट्याने बाहेर पडायचं नाही. डॉक्टरांची वेळही घेऊन झाली. जिन्यात कुणी विचारलं, तर सासरे म्हणू लागले, "दुसऱ्या कुणाला विचारा बुवा. माझं आता काही खरं नाही." वरून येताना तिने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या खोलीत गेली. ते पलंगावर बसून बोटांवर नावं घेत होते. थोरल्या बहिणीची मुलं, त्यांची मुलं.

"डॉक्टर विचारतील ना," ते ओशाळून म्हणाले. "बरोबर आहेत का गं?"

"बाबा, तुम्ही काहीही विसरला नाहीत. ते प्रसंग मीच गाळत होते. सगळ्याच सिनेमांतले."

त्यांनी ऐकून घेतलं, मग हळूच हसले. "गुणाची आहेस. म्हाताऱ्याचं मन राखायला स्वतःवर घेतेस. पण खोटं बोलणं हे तुझं काम नाही. जमत नाही तुला."

त्यांनी हात उगारला असता तरी तिला इतकं लागलं नसतं. ती तशीच चपला घालून लायब्ररीत गेली, तीच डीव्हीडी घेऊन आली आणि त्यांना हाताला धरून बाहेरच्या खोलीत बसवलं.

दवाखाना आला. अंगठा आपसूक उचलला गेला. तिने रिमोट दूर टेबलावर ठेवला आणि पदर मुठीत धरून बसली. यंत्राची टिकटिक, आईचं लांबलचक बोलणं, लेकाचा हुंदका. सासरे खुर्चीचा हात घट्ट धरून ताठ बसले होते.

"थांबव," ते शेवटी म्हणाले. "आई फार बोलते. जाताना माणूस इतकं बोलत नाही. तुझ्या सासूने नुसता माझा हात धरून ठेवला." त्यांनी खुर्चीचा हात सोडला. "पण तो नळीतला श्वास... तो खरा आहे. तेवढं जमलंय त्यांना."

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच," ते म्हणाले. "रडलो असतो गं. रडून मोकळा झालो असतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी एकेक सिनेमा आठवून बघत होतो, आणि प्रत्येकात मधेच काहीतरी नव्हतंच. वाटलं, एक दिवस तुझ्या सासूचा चेहराही असाच निसटून जाणार."

तिला मान वर करवेना. तेवढ्यात दार उघडलं आणि नवरा आत आला. "बाबा, औषध घेतलंत? की विसरलात?"

सासरे तिच्या दिशेने वळले. "तूच सांग त्याला. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारा बरळतोय."

ती उठली. "अहो, डॉक्टरांकडे जायचं नाहीये."

"का? बाबांनी हट्ट धरला वाटतं?"

"नाही. त्यांचं डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी चष्मेवाल्यांसमोर खोटं मी बोलले."

एक बूट काढून नवरा तसाच वाकून राहिला.