बाबांविना जिंकलेली मॅच

आमच्या घरात फुटबॉल माझ्या आधीपासून आहे. लग्न होऊन आले तेव्हा दारामागच्या दोन्ही खुंट्यांवर निळे-पांढरे मफलर होते, एक ह्यांचा आणि एक सासऱ्यांचा, आणि माझी छत्री अडकवायला जागा नव्हती. ती अजूनही कोपऱ्यात उभी असते. खेळातलं मला आजही फारसं कळत नाही. चेंडू जाळ्यात गेला की घर हलतं, एवढं कळतं.

सासऱ्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. नजर अधू झाली तेव्हा दुकान बंद केलं, आणि पुढच्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर बाबांच्या आठवड्यात शनिवार तेवढा उरला. मॅच घरच्या मैदानावर असली तर चालत जायचं, परगावी असली तर समर्थकांच्या बसने. शुक्रवारपासूनच त्यांची दाढी, बूट, थर्मास असं सुरू व्हायचं. सोमवारी मात्र त्यांना कशात गुंतवावं हा मला प्रश्न पडायचा.

आता आमचा संघ. हे लोक जीव टाकतात त्या मानाने संघ तसा बेताचाच. परगावी जाऊन जिंकणं त्यांना जमतच नव्हतं. दोन मोसमांत चौदा मॅच. त्यातल्या तेरा मॅचना बाबा हजर होते आणि तेराही संघ हरला. एकदा बाबा तापाने अंथरुणात होते, तेव्हा बरोबरी झाली. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नसती तर बरं झालं असतं, पण ती भोंग्याच्या ध्यानात आली.

भोंगा भाजीबाजारात लिलाव पुकारतो. आवाजावरूनच त्याला ते नाव पडलं. मनाने वाईट नाही, पण डोक्यात काही आलं की ते तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय त्याला राहवत नाही. एका संध्याकाळी क्लबच्या खोलीत, बाबा नसताना, तो म्हणाला की आपल्या बसमधली पनवती कोण ते मला कळलं. आधी सगळे हसले. मग कोणीतरी बोटं मोजली. मग कोणी हसेना. मोठी, घरसंसाराची माणसं ही. त्यातला कंपाउंडर तर दिवसभर दवाखान्यात लोकांना समजावत असतो की ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका. त्यानेसुद्धा मान डोलावली. संघ तळातून दुसरा होता, आणखी एक जरी मॅच गेली असती तर खालच्या गटात घसरायची वेळ आली असती. अशा वेळी माणसाला कशाचाही आधार चालतो.

पुढच्या मॅचला येऊ नका, हे बाबांना सांगायचं काम ह्यांच्यावर आलं. ह्यांना ते जमेना, म्हणून ह्यांनी सांगितलं की ह्या वेळी बस छोटी मिळाली आहे, जागा कमी पडतेय. बाबा म्हणाले, बरं, तरुण पोरांना जाऊ दे.

हे सगळं ह्यांनी शुक्रवारी मी भांडी पुसत असताना मला सांगितलं. मी म्हटलं, मला कशाला सांगितलंत, उद्या मला विचारलं तर मी काय सांगू. ह्यांना माझा नेम ठाऊक आहे. सकाळी देवासमोर बसते तेव्हा मी एवढंच ठरवते, की आजच्या दिवसात खोटं बोलणार नाही. जन्मभराचा नेम माझ्याच्याने पाळला गेला नसता. एका दिवसाचा पाळता येतो, म्हणून रोज नव्याने घेते. हे म्हणाले, बाबा तुला विचारणार नाहीत, ते कधी कोणाला काही विचारतात का. ते खरं होतं, म्हणून मीही गप्प राहिले. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घातली. ती मला तेव्हाही पुरती पटली नव्हती.

शनिवारी बाबा नेहमीसारखे लवकर उठले, दाढी केली, आणि मग आपल्याला कुठे जायचं नाही हे आठवून पेपर घेऊन बसले. थर्मास मात्र त्यांनी ह्यांच्या हातात दिला. म्हणाले, तिथला चहा पिऊ नका, ढवळलेलं पाणी असतं.

मॅच दुपारी एकला होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी रेडिओ ठेवला आणि शेजारी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, कारण पंच नेहमी आपल्या वाट्याची मिनिटं खातो अशी त्यांची खात्री आहे. मी समोर मटार सोलत होते. पहिला अर्धा वेळ ते अजिबात हलले नाहीत. एकाहत्तराव्या मिनिटाला रेडिओवरचा माणूस एकदम किंचाळला. बाबा टेबलाला दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "गेला."

मी घाबरून विचारलं, "कुठे गेला?"

"आत गं. आपला. आत."

पुढची वीस मिनिटं मी एक शेंगही सोलली नाही. शेवटी पंचाने चार मिनिटं वाढवली. बाबांच्या मते ती साडेतीनच हवी होती. शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. मग मला समजावून सांगितलं की आता संघ खाली घसरत नाही, उरलेल्या सगळ्या मॅच हरला तरी नाही. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. आता पोरं बसमध्ये काय धिंगाणा घालत असतील, असं ते म्हणत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ह्यांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवला होता.

ह्यांनी तो पाठवण्याआधी एकदा ऐकला असता तर. पण आनंदात माणूस ऐकत नाही, नुसता पाठवतो.

बाबांनी फोन दोघांना दिसेल असा धरला. बस दिसत होती. निळे-पांढरे मफलर, ढोल, घामाने चमकणारे चेहरे. बस नेहमीचीच मोठी होती. मागच्या चार-पाच जागांवर नुसते कोट आणि पिशव्या पडल्या होत्या. मग भोंग्याचा चेहरा सबंध पडद्यावर आला.

"पनवती घरी बसवली म्हणून जिंकलो रे! घड्याळ बंद, गोल चालू!"

मागे सगळी बस हसली. त्यात ह्यांचंही हसू मला ओळखू आलं.

गोंगाटात बाबांना कळलं नसेल अशी मला आशा होती. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि ह्या वेळी फोन कानाशी धरला. मग तो टेबलावर पालथा ठेवला.

"बस छोटी नव्हती," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुला ठाऊक होतं?"

"हो, बाबा. कालपासून."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता उठून आपल्या खोलीत जातील. पण ते तिथेच बसले आणि माझ्यासमोरचे मटार सोलायला लागले.

"भोंग्याचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मीही मोजलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या तीन मॅचना दुसऱ्या अर्ध्या वेळात गुडघा दुखतो असं सांगून ते बाकावरून उठायचे आणि मुताऱ्यांच्या भिंतीमागे जाऊन उभे राहायचे, म्हणजे मैदान आपल्या नजरेला पडू नये. तरी संघ हरलाच. त्यांना वाटलं, अंतर कमी पडलं असेल. आता पुरेसं अंतर ठेवलं आणि संघ जिंकला. तेव्हा त्यांना राग आला नव्हता, पुरावा मिळाला होता. एवढ्या मोठ्या विजयाचा आनंद आणि हा पुरावा त्यांना एकाच तासात मिळाला होता, आणि कुठला कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"कोणी काही बोलणार नाही गं," ते म्हणाले. "मान देतात मला. पण आता कुठल्या तोंडाने चढू त्या बसमध्ये?"

सहाच्या सुमाराला बस आली. बक्षीस मिळालेल्या मुलांसारखी ही सगळी मंडळी आधी आमच्याच दारात, कारण जिंकल्याचं घड्याळकाकांना सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. मी फाटकापाशीच ह्यांना गाठलं आणि हळू आवाजात काय झालं ते सांगितलं. ह्यांनी फोन काढून व्हिडिओ कानाशी लावला. गळ्यातला मफलर काढून हातात घेतला. भोंगा पायरीवर मटकन बसला आणि म्हणाला, मला बसमधून कुठेतरी लांब नेऊन सोडा.

बाबाच बाहेर आले. "दारात काय उभे? आत या. गोल सांगा."

त्यांनी गोल सांगितला. चौघांनी चार तऱ्हांनी सांगितला. बाबांनी टेबलावर कप आणि चमचे मांडून मैदान केलं, आणि प्रत्यक्ष पाहून आलेल्या माणसांना सांगितलं की पास उजवीकडून आला असणार, नाहीतर तो डाव्या पायाने मारूच शकला नसता. सगळ्यांना ते पटलं. शेवटी भोंगा म्हणाला, काका, ते मी जे बोललो...

"बरोबर बोललास," बाबा म्हणाले. "पुढच्या वेळी मी घरीच. ठरलं ते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला कोणी उत्तर तरी दिलं असतं. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना लाज वाटत होती, पण लाजेच्या मागे जरा सुटल्यासारखंही वाटत होतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा.

चार माणसांत मी बोलत नाही. पण मी विचारलं, येताना बसमध्ये काय केलंत.

हे म्हणाले, गाणी म्हटली. मी विचारलं, मग. ह्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं. तो म्हणाला, गाणी वीस मिनिटांत संपली, मग जो तो आपल्या फोनमध्ये. खरं म्हणजे हरलेल्या दिवशी रस्ता लवकर संपतो, कारण काका पहिल्या मिनिटापासून पंचाला धुवायला घेतात ते फाटकापर्यंत.

"मला खेळातलं कळत नाही," मी म्हटलं. "पण तेरा वेळा हरून आलात आणि तेराही वेळा हसत उतरलात. मी ह्या खिडकीतून पाहिलंय. ते कोणामुळे, हे काही कोणी मोजलं नाही."

माझा आवाज बारीक. भोंग्याने कंपाउंडरला विचारलं, काय म्हणाल्या वहिनी. आणि कंपाउंडरला ते सगळं पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. मोठ्याने ऐकताना ते मला जरा जास्तच झाल्यासारखं वाटलं, पण परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाबा चमचे गोळा करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढची परगावची मॅच दोन आठवड्यांनी होती. मधल्या काळात भोंगा चार वेळा येऊन गेला. बाबा नाहीच म्हणत राहिले. मग आदल्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून तोड काढली. बसमधून यायचं, पण मैदानात पाऊल टाकायचं नाही. ड्रायव्हरबरोबर बसमध्येच बसायचं, त्याच्या रेडिओवर ऐकायचं, आणि येताना बरोबर यायचं. भोंग्याने खूप विनवण्या केल्या. बाबा म्हणाले, ह्या अटीवर येतो, नाहीतर राहिलं.

त्या सकाळी देवासमोर बसले तेव्हा मी अडले. जिंकू दे म्हणावं, तर पुरावा आणखी पक्का होणार. हरू दे म्हणणं माझ्या तोंडून निघालं नसतं. शेवटी काही न मागताच उठले. दुपारी पहिल्यांदाच एकटी रेडिओ लावून बसले. संघ तीन शून्यने हरला.

पुढचं ह्यांनी सांगितलं. सगळे मान खाली घालून बाहेर आले, तर बाबा बसच्या पायरीवर उभे.

"तीन?" त्यांनी भोंग्याला विचारलं.

"तीन, काका."

"आणि मी आत नव्हतो."

भोंग्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला की बस मैदानाच्या भिंतीला लागून उभी होती, तेव्हा पार्किंग मैदानातच धरायला हवं. कंपाउंडर म्हणाला, पार्किंग रस्त्याचं असतं, मैदानाचं कसं. ड्रायव्हर म्हणाला, चाकं तर फाटकाबाहेर होती. हा वाद अडीच तास चालला. बाबांनी मधूनमधून पंचालाही घेतलं, कारण दुसरा गोल ऑफसाइड होता हे त्यांनी बसमध्ये बसून ओळखलं होतं.

मी खिडकीत उभी होते. बस थांबली, दार उघडलं, तरी कोणी उतरेना. मग एकदाचे बाबा उतरले, आणि खाली उतरूनही उघड्या दारातून आत काहीतरी सांगत राहिले.

घरात आल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा गंभीर करायचा त्यांनी खूप प्रयत्न केला.

"हरलो गं," ते म्हणाले. "तीन गोलांनी."

ओठाची एक बाजू त्यांचं ऐकत नव्हती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला.

"बरं नाही दिसत हे," असं पुटपुटत ते तोंड धुवायला आत गेले. नळ बराच वेळ चालू होता, आणि त्या आवाजाखाली ते संघाचं गाणं गुणगुणत होते.