मार्लिसचा हातमोजा

व्हर्लिनने मार्लिसच्या डाव्या हातात हातमोजा चढवला, एकेक बोट नीट बसवलं आणि मनगटाची पट्टी आवळली. तर्जनीच्या मधल्या पेरावरची तांब्याची चकती निसटू पाहत होती, ती त्याने नखाने दाबून बसवली.

"घट्ट होतोय का?"

मार्लिसने अंगठा एका पेरावर टेकवला, मग शेजारच्या. तिच्या मांडीवरच्या पडद्यावर अख्खं वाक्य उमटलं. काही हरकत नाही.

सायकलवाल्यांच्या साध्या हातमोज्यापासून हे यंत्र व्हर्लिनने तळघरात बसून बनवलं होतं. प्रत्येक पेराला दोन-तीन अक्षरं, अंगठा टेकवला की अक्षर उमटणार. आजाराने बायकोचा आधी आवाज नेला, मग उजवा हात. उरलेल्या हाताला कष्ट नकोत म्हणून दोन अक्षरांवरून पुढचं वाक्य ओळखायची सोयही त्याने करून ठेवली होती. त्यांच्या ड्युलुथ गावात स्वतःची टिमकी वाजवणं शोभत नाही, तरी येईल त्याला तो हातमोजा दाखवायचा आणि लोकही बिचारे बघून घ्यायचे.

त्यांची मुलगी कोरीन रात्रीच्या जेवणासाठी हॉटडिशचं, म्हणजे मांस-भाजीच्या थरांचं, भांडं ओव्हनमध्ये सरकवून बाहेर आली. तिने पडदा वाचला.

"बाबा, आई अगदी तुझ्यासारखी बोलायला लागलीय."

"इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं व्हायचंच."

"तसं नाही रे. 'काही हरकत नाही' असं आई कधी म्हणाली होती? तिची तर प्रत्येक गोष्टीला हरकत असायची. माझ्या लग्नातल्या केकलासुद्धा होती."

व्हर्लिन हसला आणि हसता हसता त्याला तळघरातला हिवाळा आठवला.

हातमोजा तिला देण्याआधी सबंध हिवाळा त्याने तो स्वतःच्या हातात घालून तपासला होता. लिहिणाऱ्याच्या बोलण्याची सवय यंत्रात साठत जाते, हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच तशी रचना केली होती. तपासायला लिहायचं तरी काय, म्हणून मार्लिस काय म्हणेल ते तो लिहायचा. मी बरी आहे. काही हरकत नाही. तुला पटेल तसं कर. तळघरात बसून त्याने रोज थोडी थोडी एक गुणी बायको तयार केली होती. हातमोजा खऱ्या बायकोला देताना ते सगळं पुसून टाकायचं मात्र राहून गेलं.

तळ्याकाठचं घर मार्लिसच्या वडिलांनी बांधलेलं. हिच्या आजारपणात व्हर्लिनला एकट्याला ते झेपेना. विकू का, म्हणून त्याने उन्हाळ्यात विचारलं, तेव्हा पडद्यावर 'तुला पटेल तसं कर' असं आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पानगळीच्या आत सह्या होऊन किल्ल्याही गेल्या.

त्याने खाली वाकून ती ओळखायची सोय बंद केली. एवढंसं बटण, पण त्याला ते पटकन सापडेना.

"मार्लिस, आता हे मधे मधे काही सुचवणार नाही. सावकाश लिही. तळ्यावरचं घर... तुला विकायचं होतं ना?"

अंगठा पेरापेरावरून फिरू लागला. चुकला, थांबला, मागे आला. कोरीन पुढे काहीतरी बोलणार होती, व्हर्लिनने तिला हाताने थोपवलं.

नको होतं.

त्याला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, तो कोणाचा हे त्याला कळेना.

"मग तेव्हा तसं का म्हणालीस?"

या वेळी तिला खूप वेळ लागला. ओव्हनची घंटी वाजली तरी कोरीन जागची हलली नाही.

ते तू म्हणालास. मी फक्त दाबलं.

"पण का दाबलंस?"

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं. अंगठा दमला होता, दर अक्षराला टेकायचा आणि विसावायचा.

हातमोजा चालला म्हणून तू किती खूश झाला होतास.

व्हर्लिनने तिच्या मनगटाची पट्टी सोडवायला हात पुढे केला. तिला विश्रांती द्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पण हातमोजा काढू न देता मार्लिसने मूठ घट्ट मिटून घेतली, अंगठा पेरांवर दाबला गेला आणि पडद्यावर नुसती अक्षरांमागून अक्षरं उमटत राहिली.