सोफ्याचं तोंड

पिवळ्या चिकटपट्टीचा तो नखाएवढा तुकडा काही केल्या फरशीवरून निघत नव्हता – एक कोपरा उचकटला की दुसरा चिकटून बसायचा, आणि इतक्या वर्षांच्या धुळीनं त्याच्या कडा अशा काळ्या पडल्या होत्या, की कुणी तो लावला होता हेही आता खरं वाटू नये. गुडघे टेकून, बोथट सुरीच्या टोकानं ती खरवडत होती. असे चार तुकडे, सोफ्याच्या चार पायांलगत. नाटकांचं नेपथ्य लावण्यात जन्म गेलेल्या तिच्या नवऱ्यानं स्वतःच्या घरातही खुणा करून ठेवल्या होत्या, म्हणजे केर काढताना सोफा हलला तरी तो परत तिथेच जावा, त्याच कोनात... रंगमंचावर दोन प्रवेशांच्या मधे, अंधारात सामान हलवणाऱ्यांना अशा खुणा लागतात म्हणे. इथे कुठला अंधार आणि कुठला प्रवेश? पण बोलून उपयोग नव्हता. बोलून बोलून तिनं कधीच हात टेकले होते.

सोफा तिरपा. दोन्ही खुर्च्या तिरप्या. सगळ्यांची तोंडं समोरच्या लांबलचक भिंतीकडे, आणि त्या भिंतीवर काहीही नाही, साधं कॅलेंडरसुद्धा नाही. टीव्ही आतल्या खोलीत. शेजारीण पहिल्यांदा आली तेव्हा बिचारी बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसली आणि शेवटी तिनं विचारलं, "इथे काही लागायचंय का अजून?" त्यावर नवरा खो खो हसला होता, आणि तिनंही हसून वेळ मारून नेली होती. लग्नानंतर तिनं नवऱ्याला पहिल्यांदा विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "प्रेक्षकांना पाठ दाखवायची नसते." प्रेक्षकांना! म्हणजे या घरात आपण जेवायचं, भांडायचं, आजारी पडायचं, ते सगळं त्या भिंतीपलीकडे तिकीट काढून बसलेल्या माणसांना नीट दिसेल अशा बेतानं... तिच्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली, सुरी सटकली आणि बोटाचं साल निघालं.

आज लेक येणार होती. सकाळी तिचा फोन आला – "आई, संध्याकाळी येते. जरा बोलायचंय दोघांशी." एवढंच. आवाजावरून ताकास तूर लागू दिला नाही पोरीनं. खारू म्हणायचे तिला लहानपणी, एका जागी ठरायची नाही म्हणून. ती खारू वर्षभर या घराची पायरी चढली नव्हती. फोन व्हायचे – जेवलीस का, जेवले, तू? – पण ते काय बोलणं झालं?

आणि मागच्या वेळी ती आली होती, तेव्हा तिघं याच सोफ्यावर बसली होती. ओळीनं. मधे खारू, पायाशी सासरहून आणलेली बॅग. "मी त्याच्या घरी परत जाणार नाही," खारू भिंतीला म्हणाली. "बघू," नवरा भिंतीला म्हणाला. आणि ती स्वतः – तीही भिंतीलाच म्हणाली होती, "नीट विचार कर, बाळा." बॅग उघडलीच गेली नाही. दुसऱ्या दिवशी खारू मैत्रिणीकडे गेली आणि नंतर तिनं एक खोली घेतली... त्या संध्याकाळचं तिला सगळं आठवतं. खारूचा गुडघा आठवतो, ओढणीचा सुटलेला दोरा ओढणारा अंगठा आठवतो, पण चेहरा नाही. कितीदा आठवून पाहिला. कसा आठवेल? माझ्याच लेकीचा चेहरा, आणि मी तो पाहिलाच नव्हता.

आणि हे कुणाचं? तर जी दिवसभर लोकांचे चेहरेच बघते तिचं. चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकासमोर हातभर अंतरावर बसते, पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजते, कुणाचा एक कान वर असतो, कुणाचं नाक जरा कलतं, त्याप्रमाणे काड्या वाकवून देते. "माझ्याकडे बघा... हं, असंच बघत राहा." अनोळखी माणसं मुकाट बघत राहतात. कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. मग घरीच काय होतं? सोफा, दुसरं काय! या मेल्या सोफ्यामुळे होतं. नवरा वाण्याकडे गेलाय तोवर उरकून टाकायचं म्हणून ती उठली, कंबरेला पदर खोचला आणि सोफ्याला हात घातला.

सोफा दांडगा होता, आणि खोली हट्टी. खिडकीला पाठ करून लावला तर मागून उजेड येणार, बसणाऱ्याचं तोंड काळं दिसणार – म्हणजे पुन्हा चेहरा नाहीच. त्या लांबलचक भिंतीला टेकवला तर आतलं दार अर्धंच उघडत होतं. दाराकडे पाठ केली तर येणाऱ्याला पहिली दिसणार ती सोफ्याची पाठ, तिथलं कापड विटलेलं, एका जागी शिवण उसवलेली. वर्षानं येणाऱ्या लेकीचं स्वागत त्यानं करायचं? ती घामाघूम झाली. ओढ, ढकल, मागे हो, बघ, पुन्हा ओढ. शेवटी सोफा बाजूच्या भिंतीला सरळ लावला, आणि त्याच्यासमोर, बरोब्बर समोर, दोन खुर्च्या. मधे टीपॉय. बसा आणि बोला. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी माणसाचा जीव मेटाकुटीला यावा! ती हात धुवायला आत गेली.

बाहेर आली तर पिशवी दाराशी, आणि नवरा सोफ्याचं एक टोक उचलून तिरपं करण्याच्या खटपटीत.

"खाली ठेवा तो!" ती इतक्या जोरात ओरडली की त्यानं खरोखरच हात सोडला.

"अगं, असं काय करतेस... सवयीनं झालं." मग तो मागे सरून खोली बघत उभा राहिला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. "पण हे बरोबर नाही."

"झालं सुरू. कुणाला दिसत नाही आता? कुणाची पाठ येतेय?"

"पाठीचं नाही म्हणत मी. ती कुठे बसणार? सोफ्यावर. आणि आपण दोघं समोर, खुर्च्यांवर." तो जरा घुटमळला. "अगं, चौकशीच्या सीनला लावतो मी असं. ती बोलेल कशी?"

तिनं एक खुर्ची उचलली आणि परत तिथेच ठेवली. राग त्याचा नव्हता आला, राग याचा आला होता की तो बरोबर बोलत होता. मग खारूला मधे घेऊन बसायचं? म्हणजे पुन्हा ओळ. एकानं इकडे, एकानं तिकडे? म्हणजे पोरीनं दोन्हीकडे मान वळवत बसायचं? इतक्या वर्षांत एका खोलीत तीन माणसं कशी बसवायची हे दोघांपैकी एकालाही सांगता येऊ नये... तिला रडायला येईलसं वाटलं, आणि सोफ्यासाठी रडायचं या विचारानं आणखीच संताप आला.

"थांब, करून बघू," तो म्हणाला. तालमीत म्हणत असेल तसंच. तो सोफ्यावर जाऊन बसला, जरा अंग चोरून. "मी खारू. बस तू समोर."

"काहीतरीच."

"बस गं."

ती बसली. टीपॉयपलीकडे तो होता, दुपारच्या उजेडात, पूर्ण समोर. त्याचा चष्मा कलला होता. डावी काडी बाहेर गेलेली, भिंग गालाला टेकलेलं, नाकावर लाल वळ – महिनोन्महिने असणार तो. गिऱ्हाइक असतं तर तिनं दारातच ओळखलं असतं. डोळ्यांखाली कातडी लोंबत होती. हा इतका थकला कधी? तिचा हात आपोआप पुढे झाला, काडी सरळ करायला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तोही बघतोय. तिच्याकडे. तिनं चटकन पदर सारखा केला, केस मागे घेतले. तो बघतच होता, आणि तिची नजर आपसूक बाजूला गेली – समोर नाही, खाली नाही – त्या लांबलचक भिंतीकडे. मान वळवून. तिथे गेल्यावर तिला बरं वाटलं.

किती बरं वाटलं!

"गॅसवर काहीतरी ठेवलंय वाटतं," ती म्हणाली आणि उठली.

गॅस बंद होता. तिनं नळ सोडला आणि धुतलेलीच पातेली पुन्हा धुवायला घेतली. त्या संध्याकाळीही असंच बरं वाटलं होतं का? खारू बोलत होती, शेजारी, हाताच्या अंतरावर, आणि नुसती मान वळवायची होती – कुणी धरली होती का मान? सोफ्यानं? इतकी वर्षं आपण या सोफ्याला बोल लावत आलो, त्या खुणांना, त्या कोनाला, नवऱ्याच्या त्या न दिसणाऱ्या प्रेक्षकांना... आणि आज खारू येईल, समोर बसेल, आणि तिचा चेहरा दिसेल. तिलाही माझा दिसेल.

"अगं, मग ठेवू का असंच?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं. "की हलवू?"

फोन ओट्यावर पडला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. आज जमत नाही गं आई, पुढच्या आठवड्यात बघते – असं लेकीनं आता कळवावं, एवढ्यात, ती निघायच्या आत कळवावं, असं आपल्याला वाटतंय, मनापासून वाटतंय, हे तिला कळलं. आणि नळ तसाच वाहत ठेवून ती फोन वाजायची वाट बघत राहिली.