पाटीतली दहा पापलेटं

सातपाटीशेजारच्या माहीमच्या वाडीत शैलेशनं द्राक्षं लावली तेव्हा गाव हसलं. खाऱ्या वाऱ्यात वेली जगल्या त्या माझ्या कुट्यावर. तीन वर्षं सातपाटीहून सुक्या मासळीचं ते खत मीच पोचवलं. पहिली पांढरी वाईन निघाली तेव्हा त्यानं पेला माझ्या हातात दिला.

"सुलूमावशी, हिच्यासोबत कुठली मच्छी?"

वाईन कैरीसारखी आंबट, मागून जराशी खारी.

"ताजं पापलेट," मी म्हटलं. "नुसतं मीठ आन् लिंबू. मसाला लावलास तर वाईनची चव मेली."

"पाहुण्यांच्या पहिल्या जेवणाला पापलेट तुझंच," तो म्हणाला.

काल ते जेवण झालं. लुगडं नेसून ये, पाटीत दहा पापलेटं पुरेत, असा त्याचा फोन आला. पाहुणे पन्नास! मला वाटलं, बाकीची आमच्याच बंदरातून घेतली असतील. गेले, तर पाटीसकट मला दारात फोटोला उभी केली.

ताटं आली. पापलेटावर बोटभर हिरवा मसाला. एवढा मसाला शिळ्या मच्छीला लागतो, हे सातपाटीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

शैलेश माईकवर म्हणाला, "आजची ताजी मच्छी, आमच्या सुलूमावशीची."

मी माईक ओढला. "माझी मच्छी ह्या पाटीत हाय. तुमच्या ताटातली माझी नाय."

मग शैलेश मोठ्यानं हसला आणि टाळ्या वाजवायला लागला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनीही वाजवल्या.