बदक छापाची जर्सी

माझा दादा कंजूष आहे असं मी म्हणणार नाही. सख्खा भाऊ आहे. एवढंच सांगते, की झिजून चपटी झालेली साबणाची वडी तो नव्या वडीला चिकटवतो, आणि त्याच्या सलूनमधल्या आरशाला तडा गेला तेव्हा त्याने त्यावर कॅलेंडर टांगलं. ते कॅलेंडरही कुणाकडून तरी जुनं मागून आणलेलं आहे.

दादाचं सलून आणि माझं इस्त्रीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. तो गिऱ्हाइकाच्या कानाशी काय बोलतो ते मला इस्त्री फिरवता फिरवता ऐकू येतं. गेलं वर्षभर दुसरा विषयच नव्हता. खुर्चीवर माणूस बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, की दादा सुरू. "आमची शिडी बघितलीत का काल?"

शिडी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. लहानपणापासून ताडमाड वाढली, माळ्यावरचा डबा काढायला घरात दुसरी शिडी कधी लागलीच नाही, तेव्हापासून तेच नाव पडलं. आता ती आपल्या इथल्या फुटबॉल क्लबच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर आहे. क्लबने जर्सीवर काय छापायचं विचारलं, तर म्हणाली, शिडीच छापा, खऱ्या नावाने मला कोण ओळखतं?

क्लब म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. एक मैदान, पत्र्याची शेड, आणि एक खोली. त्या खोलीत अर्ध्या भागात ऑफिस, अर्ध्या भागात दुकान, आणि दोन्हीकडे एकच सेक्रेटरी बाई. पावती फाडायची तर या टेबलाशी बसतात, जर्सी विकायची तर खुर्ची ओढत त्या टेबलाशी जातात.

शिडीच्या नावाची जर्सी दुकानात आली त्या दिवशी दादा सलून बंद करून गेला. हात लावून बघितली, उलटी केली, शिवण बघितली, किंमत विचारली, आणि घडी घालून परत ठेवली. घरी येऊन म्हणाला, "एवढ्यात मी खुर्चीला नवी गादी बसवून घेईन."

"मग बसव," वहिनी म्हणाल्या. "ती तरी कुठे बसवतोयस? गिऱ्हाइकं उठताना स्प्रिंग सोबत नेतात."

पण दादाचं आपलं तत्त्वज्ञान तयार होतं. मी तिथेच होते, शब्द न् शब्द ऐकलाय. "कापड ते कापड, रंग तो रंग. क्लबवाले जास्तीचे पैसे घेतात ते नावाचे. नाव कुणाचं? माझ्या पोरीचं. ते मी ठेवलं. मग माझ्याच पोरीच्या नावाचे पैसे मी दुसऱ्याला का देऊ?" आता यावर काय बोलणार? असं सरळ चालत जाऊन खड्ड्यात पडणारं डोकं आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाला नाही.

बसस्टॉपजवळ फुटपाथवर ताडपत्री पसरून एक जण जर्सी विकतो. जगातल्या मोठमोठ्या टीमच्या, सगळ्या नकली. आमच्या क्लबची नक्कल त्याच्याकडे नव्हती, कारण आमच्या क्लबची नक्कल करावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते पुण्य दादाने केलं. तो वर्तमानपत्रातला शिडीचा फोटो घेऊन गेला, पिवळा रंग समजावला, पाठीवर शिडी आणि खाली १ घालायला सांगितलं. छातीवरचं चिन्ह फोटोत नीट दिसत नव्हतं. फुटपाथवाल्याने विचारलं, हे काय आहे? दादा म्हणाला, पक्षी आहे कुठलातरी, टाक.

गठ्ठा आला. दादाने सगळी गल्ली त्या जर्सीत घातली. दाढीला आलेला माणूस घेतल्या भावात जर्सी घेऊन बाहेर पडायचा. शाळेतले मास्तर, दूधवाला, औषधाच्या दुकानातला काका, सगळे पिवळे झाले. खोटं कशाला बोलू, एक माझ्याही अंगावर होती. रविवारी आम्ही शेडमध्ये ओळीने बसायचो आणि दादा उभा राहून लग्नात वऱ्हाड मोजावं तसं आम्हाला मोजायचा.

फक्त एक गोष्ट मला खटकली. मी पहिल्यांदा त्याच्या जर्सीवरून इस्त्री फिरवली, तर १ माझ्या इस्त्रीला चिकटून आला. मी म्हटलं, "दादा, तुझ्या पोरीचा नंबर गेला." तर माझ्यावरच उखडला, म्हणे इस्त्री जास्त तापवलीस. मी पंचवीस वर्षं कपडे इस्त्री करते. पण भाऊ आहे, १ पेनाने काढून दिला.

शिडीने एकदा सांगून बघितलं. "बाबा, दुकानातून घ्यायला हव्या होत्या. त्याच पैशांवर आमची टीम चालते." दादा म्हणाला, "अगं, मी तुझी जाहिरात करतोय. बड्या लोकांच्याच नकली निघतात. तू आता बडी झालीस." ती हसली. मग दारात वळून म्हणाली, "मी तुम्हाला दिली होती, ती का नाही घालत?"

"ती ठेवलीय," दादा म्हणाला. "चांगली वस्तू आहे. घालून खराब होईल."

तिने हातमोजे उचलले आणि सरावाला गेली. तेव्हा मला वाटलं, दिली म्हणजे क्लबने खेळाडूंना फुकट वाटली असेल, त्यातली एक बापाला दिली.

मग बातमी आली. क्लबची कमिटी म्हणे मुलींची टीम बंद करणार. लोकांना मुलींच्या खेळात रस नाही, असं त्यांचं म्हणणं. शिडी त्या दिवशी जेवली नाही. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या, आणि दादा खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. "रस नाही? आत्ता दाखवतो रस."

दुसऱ्या दिवशी त्याने अख्खी गल्ली जर्सीत जमवली आणि मोर्चा क्लबवर नेला. मास्तर पुढे, दूधवाला सायकल ढकलत मागे, मी मधे. त्या खोलीत आम्ही सगळे मावलो नाही, निम्मे खिडकीतून डोकावत होते. शिडी सरावाहून आली होती, ती दाराशी थांबली.

दादाने छाती पुढे काढली. "बाई, लोकांना मुलींची टीम नको म्हणता? मग ही माणसं कोण आहेत?"

सेक्रेटरी बाईंनी चष्मा लावला. दादाच्या छातीकडे जरा वाकून बघितलं. "हे काय आहे?"

"क्लबचं चिन्ह."

"आमचं चिन्ह बगळा आहे," बाई म्हणाल्या. "हे बदक आहे."

प्रत्येक जण मान खाली घालून आपापल्या छातीकडे बघायला लागला. मास्तर हळूच म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, याची मान कमी आहे." अख्खं वर्ष आम्ही बदक मिरवलं, आणि मास्तरांना आत्ता तोंड फुटलं.

बाई रागावल्या असत्या तर दादाला भांडता आलं असतं. त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही एवढे जण आलात, मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण मुलांच्या टीमला जाहिराती मिळतात, मुलींना मिळत नाहीत. त्यांची बस, त्यांच्या कोचचा पगार, सगळं या जर्सीच्या विक्रीवर. कमिटी मला विचारते, किती गेल्या? मी काय सांगू? या वर्षी शिडीच्या नावाची एक जर्सी विकली गेली. एक."

"एक?" दादाने विचारलं. "ती तरी कुणी घेतली?"

"मी," दाराशी उभी असलेली शिडी म्हणाली. "माझ्या पहिल्या मानधनातून. ती तुमच्या कपाटात आहे, बाबा."

मी दादाला रडताना एकदाच पाहिलंय, आमची आई गेली तेव्हा. त्या दिवशी तो रडला नाही, पण तोंड तसंच झालं होतं. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला.

परत येऊन तो माझ्या दुकानात कपड्यांच्या गाठोड्यावर बसला. चहा दिला तर गार करून टाकला. "मला वाटलं, मी तिचं नाव करतोय," तो म्हणाला.

"केलंस की," मी म्हटलं. "गल्लीभर नाव झालं. तिची बस तेवढी बंद पाडलीस."

तो उठला, सलूनमध्ये गेला, आणि मला भिंतीपलीकडून कॅलेंडर काढल्याचा आवाज आला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर त्याने जाड अक्षरात लिहिलं, "क्लबच्या दुकानातली खरी जर्सी दाखवा, सीझन संपेपर्यंत दाढी फुकट." आणि ते दारावर लावलं. आरशाचा तडा उघडा पडला, पण लोक तड्याकडे बघायच्या मनःस्थितीत नव्हते. दादाच्या दुकानात फुकट हा शब्द लिहिलेला पाहून दूधवाल्याने सायकलवरून उतरून पाटीला हात लावून बघितला.

सगळ्यांना काही परवडली नाही, आणि दादाही कुणाला टोचून बोलला नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? कुणी दोघात मिळून एक घेतली आणि आळीपाळीने दाढीला आले. मास्तरांनी एकट्याने घेतली आणि दोन दिवसांआड येऊ लागले, दाढी असो नसो. जुन्या बदकांची दादाने कड उसवली, बंद लावले, आणि केस कापताना गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायला कापडं केली. एके दिवशी तो फुटपाथवालाही खरी जर्सी घालून खुर्चीत बसला. म्हणाला, "नमुना म्हणून घेतली. आता बगळा बरोबर जमेल." दादाने त्याच्या गळ्यावर वस्तरा टेकवून अगदी गोड आवाजात विचारलं, "काय जमेल?" तो म्हणाला, काही नाही, काही नाही, कल्ले जरा बारीक करा.

सीझनची शेवटची मॅच आली. कमिटी त्याच दिवशी ठरवणार होती. सकाळी वहिनींनी मला हाक मारली. आत जाऊन बघते तर दादा कपाटासमोर उभा, अंगात शिडीने दिलेली जर्सी, आणि श्वास रोखलेला. जर्सी पोटावर अशी ताणली होती की बगळ्याचं पण बदक झालं होतं.

"म्हणून घालत नव्हतास?" मी विचारलं.

"तिला सांगू नकोस."

"दे इकडे, बाजूची शिवण उसवून देते."

"खरी आहे," तो म्हणाला. "तिला कात्री लावायची नाही." जन्मभर कात्री चालवलेला माणूस मला हे सांगत होता.

मॅचभर तो श्वास आत ओढून बसला. ओरडला नाही, टाळ्यासुद्धा कोपर न हलवता वाजवल्या. आजूबाजूला गल्लीतली बरीच माणसं होती, काही खरी जर्सीवाली, काही साध्या शर्टातली, आणि बदक एकही नाही. शेवटच्या मिनिटांत समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली. शिडी गोलात उभी राहिली, दोन्ही हात पसरले. चेंडू वरच्या कोपऱ्यात चालला होता, आणि तिने माळ्यावरचा डबा काढावा तसा तो काढला.

दादा उडी मारून उठला, आणि टर्रकन आवाज झाला. काखेपासून कमरेपर्यंत.

मॅच संपल्यावर सेक्रेटरी बाई धावत आल्या. टीम राहिली, म्हणाल्या, पुढचं वर्षभर तरी नक्की. नव्या जर्सीसुद्धा मागवाव्या लागल्यात. वहिनी रडायला लागल्या, मीही. दादा मात्र खाली बसून दोन्ही हातांनी फाटलेली बाजू झाकत होता, कारण शिडी कुंपणाशी आली होती.

तिने त्याचे हात बाजूला केले. "बाबा, ही तुम्हाला होत नव्हती?"

"होत होती. आता जरा..."

"मग सांगितलं का नाही? मला वाटलं, तुम्हाला ती आवडलीच नाही."

दादाने फाटलेली कड बोटांनी जुळवून बघितली. मग म्हणाला, "तू मला खांद्यावर बसवून घ्यायचीस तेव्हाचं माप आणलंस गं. म्हणजे मी तुला घ्यायचो तेव्हाचं. तुला मी अजून तेवढाच वाटतो, ते कशाला मोडू?"

शिडी हसत होती आणि डोळे पुसत होती, हातमोजे घातलेल्या हातांनी, त्यामुळे तोंडभर चिखल झाला. तिने त्याचा हात धरला आणि त्याला क्लबच्या खोलीत नेलं, मागोमाग आम्हीही गेलो. बाईंनी खुर्ची दुकानाच्या टेबलाशी ओढली.

"एक जर्सी द्या," दादा म्हणाला. "शिडीची."

"माप?"

आजवर शिंप्याकडेही त्याने कधी खरं माप सांगितलेलं नाही, पोट आत घेऊनच उभा राहतो. त्याने श्वास सोडला, पोट होतं तेवढं बाहेर आलं. "जे आहे ते," तो म्हणाला.

बाईंनी किंमत सांगितली. घासाघीस करायला दादाने तोंड उघडलं, पोरीकडे बघितलं, आणि मिटलं. पैसे मोजून दिले. पिशवीचे पैसे वेगळे पडतील, असं बाई म्हणाल्या मात्र, त्याने फाटकी काढून माझ्या हातात दिली, नवी तिथल्या तिथे अंगात घातली, आणि तशीच घालून घरी आला.